घरी बसवलेला शिंपी

"तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे," फोनवरची बाई म्हणाली. नासीरला सुटल्यासारखे वाटले. नाव त्याचे होते, पण नाक पितांबरचे. म्हणजे दुकान बंद राहिले तरी आजार आपला नव्हे.

नासीरचे जळगावात कापडाचे दुकान. ते उघडे ठेवायचे तर मालकाने करोनाची चाचणी केलेली हवी, असा त्या दिवसांत नियम होता. नासीरला नेमका खोकला लागला होता आणि रविवारी त्याच्या मुलीचा, नाजमीनचा, निकाह होता. रिपोर्ट वाईट आला तर सगळेच राहणार होते. तो धास्तावून बसलेला पाहून पितांबर शिंपी म्हणाला, "नासीरभाऊ, आधार कार्ड द्या तुमचं. मी जाऊन येतो. मला काय धाड भरलीय?"

"आणि फोटो?"

"त्या फोटोत तुम्ही तरी कुठं तुमच्यासारखे दिसता?"

पितांबर साठीचा, पण खरेच धडधाकट होता. शिवाय आता तो घरचाच झाला होता. बाजारातल्या शिंप्याकडे दहा घरची माणसे येतात, ती भानगड नको म्हणून नासीरने त्याला मशीनसकट घरी आणून बसवले होते. लग्नाचे कपडे होईपर्यंत जेवण इथेच, झोपणे इथेच. तोंडावरचा मास्क तो जेवतानाच काय तो काढायचा, असे नासीर कौतुकाने सांगे.

एवढी काळजी आईसाठी होती. मुमताजबी दम्याने खंगलेली. तिला हा आजार झाला तर ती वाचायची नाही, हे डॉक्टरांनी नासीरला स्पष्ट सांगितले होते. त्याने वर्षभर तिला वाराही लागू दिला नव्हता. भाज्या मिठाच्या पाण्यात धुतल्या जात. नोटांवर इस्त्री फिरे. भडगावहून आलेल्या सख्ख्या बहिणीलाही त्याने दारातूनच परत पाठवले होते. बहीण रडत गेली, तरी तो हलला नाही.

"घरात वयस्कर कोणी आहे का?" बाईने विचारले.

"आई आहे. दमा आहे तिला."

"तुम्ही त्यांच्याजवळ गेला होतात?"

"नाही," नासीर म्हणाला. हे तरी खरे होते. "खोकला लागला तसा मी वरच्या खोलीत राहतो. खाली तिच्यापाशी पाऊल टाकलं नाही."

"छान केलंत. फार लोक एवढं पाळत नाहीत." बाई काहीतरी लिहून घेत असावी. "मग त्यांच्यापाशी कोण असतं?"

आईला एकटे वाटू नये म्हणून नासीरनेच तिची खाट पितांबरच्या मशीनला लागून ठेवली होती.

फोन हातात तसाच धरून तो जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. खाली मशीन बंद होते. मुमताजबी मांडीवर नाजमीनची ओढणी घेऊन तिला जरीचा गोटा टाचत होती.

"पितांबर, दोरा ओवी दे रे भाऊ. माले दिसत नही."

"द्या अक्का."

पितांबरने मास्क हनुवटीवर ओढला. दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, वळले, सुईपाशी नेले. ते चुकले. पुन्हा ओठांत धरले, पुन्हा चुकले.

"तू बी आंधळा, मी बी आंधळी," म्हातारी हसली. "आण इकडे."

तिने त्याच्या हातून सुई घेतली. तेच ओले टोक आपल्या ओठांत धरून चांगले चोखले आणि एका झटक्यात नेढ्यातून पार केले.

"हॅलो," फोनवरची बाई म्हणत होती, "आईपाशी कोण असतं?"

"देखा, जमलं," मुमताजबी म्हणाली. पितांबर घरी आल्या दिवसापासून दोघांचे असेच जमत होते.