अकोल्याची गाडी रिकामी गेली

गाडी अर्धा तास उभी होती आणि एकही बाई चढायला तयार नव्हती.

"पंचफुला, बस ना," माधवी म्हणाली. "अकोल्याच्या कारखान्यात मालक वाट पाहून राहिले असतील."

"आमी नाई जात, मॅडम."

"काहून?"

पंचफुला गाडीपासून दोन पावलं मागे सरली. तिच्यामागे पंधरा जणी उभ्या होत्या, सगळ्या खाली मान घालून. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, मग गाडी वळवली आणि रिकामीच घेऊन गेला.

माधवी तायडे अकोल्याच्या जुन्या शहरातली. अमरावतीच्या एका संस्थेने तिला अंजनगाव सुर्जीला कौशल्य प्रशिक्षणाचं केंद्र चालवायला पाठवलं, तेव्हा बायांसाठी शिलाई आणि ब्युटी पार्लर हे दोनच कोर्स यादीत होते. माधवी अडून बसली. इथे विहिरीविहिरीवर पाण्याची मोटर आहे, उन्हाळ्यात रोज एखादी जळते. जळलेली तार काढून नवी तांब्याची तार भरायची, हे काम बायांनी का शिकू नये? संस्थेने कुरकुरत होकार दिला.

त्या भागात मोटर भरावी ती बंडू मिस्त्रीनेच. तीस वर्षांचं त्याचं दुकान. पहिल्याच दिवशी तो केंद्राच्या दारात येऊन ठाकला.

"मॅडम, बायाच्या हातची मोटर दोन दिस नाई चालत. पायजे तं लिहून देतो."

"द्या लिहून. भिंतीवर लावते."

त्याने खरंच लिहून दिलं आणि तिने खरंच लावलं. चार महिने सोळा जणी त्या कागदासमोर बसून तार गुंडाळत राहिल्या. बोटं सोलली. वेढे चुकले, उकलले, पुन्हा घातले. पंचफुलाने भरलेली पहिली मोटर सुरू करताच भक्‌कन धूर निघाला आणि ती ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तीच मोटर तिने पुन्हा खोलली. परीक्षेत सोळाच्या सोळा पास झाल्या.

पण संस्थेचा एक नियम होता. परीक्षेनंतर तीन महिन्यांत निम्म्या तरी जणी नोकरीला लागल्या पाहिजेत, नाहीतर केंद्र बंद. माधवीने अकोल्यातल्या एका कारखान्याचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे मालक सगळ्यांना मदतनीस म्हणून घ्यायला कबूल झाला. सामान उचला, फरशी झाडा, पुढचं पुढे पाहू, असं तो म्हणाला होता. तरी ती नोकरी होती. आणि मुदतीचा शेवटचा आठवडा उरला होता.

गाडी गेल्यापासून केंद्रात कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी माधवी पंचफुलाच्या घरी गेली. दाराला कुलूप.

"त्या दिवसभर बंडू मिस्त्रीच्या दुकानात असतात," शेजारीण म्हणाली.

माधवीचा विश्वास बसेना. ती तडक दुकानावर गेली. शटर अर्धं ओढलेलं, आतून बायांचे आवाज. ती वाकून आत शिरली तसे आवाज थांबले. सोळाही जणी तिथे होत्या. मधल्या स्टुलावर बंडू.

"मॅडम," तो घसा खाकरत म्हणाला, "तुमी इथं नका येऊ."

माधवीने पंचफुलाकडे पाहिलं.

"खरंच, मॅडम," पंचफुला हळू आवाजात म्हणाली. "चार दिस नका येऊ."

माधवी परत फिरली. रस्ताभर तिची कानशिलं तापली होती. ज्याने हिणवलं त्याच्याच वळचणीला जाऊन बसल्या? केंद्र मोडायला त्याने यांना काय देऊ केलं असेल?

सोमवारी संस्थेचे नितेश सर आले. त्यांनी टेबलावर एक तक्ता पसरला.

"नोकरीला लागलेल्या शून्य. खाली 'प्रशिक्षण अयशस्वी' असं लिहिलंय, तिथे सही करा. केंद्र आज बंद. तुमची काळजी नको, तुम्हाला आम्ही अमरावतीच्या शिलाई केंद्रात घेतोय."

माधवीने पेन उचललं. मग खाली ठेवलं.

"अयशस्वी नाही लिहिणार मी. सोळा जणी मोटर भरतात, सर. डोळ्यांनी पाहिलंय मी."

"मग नोकरी का नाही केली त्यांनी?"

"मला माहीत नाही. मलाही राग आलाय त्यांचा. पण फरशी झाडायला नाही म्हणाली म्हणून कुणी नापास होत नाही."

"सही नसेल तर तुमचीही नोकरी राहणार नाही."

"नका ठेवू." तिने कोरा कागद ओढला, दोन ओळींचा राजीनामा लिहिला आणि त्यांच्यापुढे सरकवला. अक्षर ठळक होतं.

दारात चपलांचा आवाज झाला. सोळा जणी आत आल्या. त्या बराच वेळ बाहेर उभ्या असाव्यात. पंचफुलाची बोटं मोटरच्या तारेवर चढवायच्या वार्निशने काळी झाली होती.

"साहेब, तो कागद भरला का?"

"भरतोय. तुम्हाला काही सांगायचंय?"

"बंडूभाऊले आता बारीक तार दिसत नाई. त्यायचं दुकान आमी सोळा जणींनी चालवाले घेतलं. घरच्यायनं मोडता घालू नये म्हणून कोणाले सांगतलं नाई. आज कराराच्या सह्या झाल्या."

माधवी खुर्चीतून उठली.

नितेश सरांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "छान आहे. पण तुम्ही मालक झालात, बाई. मालकाचा रकाना यात नाही. नोकरीला कोण लागलं, तेवढंच मला लिहायचंय."

"मंग लिहा," पंचफुला म्हणाली. "एक जण लागली. आमच्याच दुकानात, नव्या पोरीयले शिकवाले."

सरांनी पेन उघडलं. "नाव?"

"माधवी तायडे."