शेवटची आठ पानं

जखमी जवानांसाठी आमची कॉलनी सर्वस्व द्यायला तयार होती. सुरुवात म्हणून सगळ्यांनी माळ्यावरची जुनी पुस्तकं दिली. मी एक रहस्यकथा दिली, बायकोने चकल्यांचा डबा दिला, आणि दोन्ही एकाच खोक्यातून लष्करी इस्पितळात गेलं.

पंधरा दिवसांनी तिथून हवालदार धायगुड्यांचं पत्र आलं. "साहेब, पुस्तक झकास आहे, पण शेवटची आठ पानं नाहीत. खून केला कुणी? पुढच्या सोमवारी माझ्या पायाचं ऑपरेशन आहे. भूल देण्याआधी तेवढं कळवा. झोप लागत नाही."

आता माझीही उडाली. पुस्तक मी वाचलंच नव्हतं. गावातली दोन्ही वाचनालयं पालथी घातली, प्रत कुठेच नाही. शनिवारी घरात येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ती पानं शोधताय होय? चकल्यांखाली घालायला मीच फाडली. गेली की त्यांच्याच खोक्यातून!"

मी धावत जाऊन तार केली : 'चकल्यांच्या डब्यात तळाशी पाहा.' लढाईचे दिवस. तारमास्तरांनी मला तीनदा नाव विचारलं.

आठवड्याने धायगुड्यांचं उत्तर आलं. पाय वाचला होता. तार मिळताच त्यांनी डब्याचा तपास केला, तर तो पहिल्याच दिवशी शेजारच्या वॉर्डात गेलेला. तिथल्या सगळ्यांना खुनी केव्हापासून माहीत होता. खून कुणाचा झाला, एवढंच कळत नव्हतं.