कामचुकार शोधा

ऑफिसचे ऑनलाइन कोर्स कोण मन लावून करतं आणि कोण नुसतेच चालू ठेवतं, हे रिपोर्ट बघून ओळखायची परीक्षा होती. पास झालं की बढती. हेडक्लार्कसाहेबांनी तयारीचे बाराही व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर ओळीने लावून दिले आणि सोफ्यावर मस्त ताणून दिली.

"अहो, तो मास्तर काय भिंतीला शिकवतोय का?" बायकोने विचारलं.

"चालू दे गं. हजेरी लागल्याशी मतलब!"

परीक्षेत पहिलाच प्रश्न ऑफिसच्या खऱ्या रिपोर्टवर आला. नावं झाकलेली, फक्त कर्मचारी क्रमांक दिलेले. 'यातला कामचुकार शोधा.' साहेबांनी तिसऱ्या मिनिटाला तो पकडला. व्हिडिओ सहा तास चालू आणि माउस मधे एकदाही हललेला नाही! "काय निर्लज्ज माणूस आहे," असं पुटपुटत त्यांनी त्याचा क्रमांक लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि 'कडक कारवाई व्हावी' असा शेराही मारला.

आता फक्त वरच्या चौकटीत स्वतःचा क्रमांक भरायचा राहिला होता. तो काही पाठ नव्हता, म्हणून त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र उलटून पाहिलं.



उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.