आरतीचं ताट

"यंदा आरतीचा मान आपल्या निनादला!" मंडळाचे अध्यक्ष पाटणकरकाका माइकवर गरजले. ऊर्वीचा दादा निनाद कालच व्यसनमुक्ती केंद्रातून परतला होता. त्याच्या हाती ताट देऊन त्यांनी फोटोसाठी पोटही आत ओढलं.

ताटाला चकचकीत चंदेरी कागद लावलेला, त्यावर कापराचा पांढरा चुरा. काकांनी काडी ओढली आणि दादाने ओठांवरून जीभ फिरवली. ऊर्वी पुढे धावली. दादा गर्द ओढायचा तो अशाच कागदावर, खाली काडी धरून.

"काका, ते ताट बदला! हे नुसतं दिसलं तरी त्याला तलफ येते. मेंदू असलं काही विसरत नाही."

"चार पुस्तकं वाचली की मेंदू कळतो होय गं? मन खंबीर हवं, मन!" तंबाखूची चिमूट गालात सरकवत काका म्हणाले.

"मग तुमच्या खंबीर मनाला आधी ती तंबाखू थुंकायला सांगा!"

काका लालबुंद झाले. "निनाद, दाखव रे हिला!"

दादाने ताट त्यांच्याच हातात ठेवलं. "काका, मला आत्ता ओढावंसं वाटतंय. खूप. ऊर्वे, घरी चल."

माइक चालूच होता. ताट सावरावं की माइक झाकावा, हे काकांना कळेपर्यंत दोघं मंडपाबाहेर पडली होती.