तांदळातलं नाव

विमानतळाच्या दाराने चेहरा वाचला. "मैथिली, तुम्हाला व्हिसा नाही."

"व्हिसा शर्वरीच्या नावावर आहे. ती मीच!"

"शर्वरीची नोंद लग्नात बंद झाली."

तिला ताट आठवलं. कपिलने केवळ हौसेखातर अंगठीने तांदळात नवं नाव लिहिलं होतं. कागदी व्हिसाच्या काळात असली नावं तांदळाबरोबर डब्यात परत जायची. आता लग्नाचं चित्रण थेट सरकारी नोंदीत जात होतं.

"मग मैथिलीच्या नावाने अर्ज करते."

"मैथिलीच्या जन्माची नोंद नाही. अर्ज करता येणार नाही."

काचेपलीकडे पोचलेला कपिल नुसते हातवारे करत होता.

मागून बाबांनी हाक मारली, "शर्वरी, घरी चल गं!"

तिने ओ दिली नाही. त्या नावाला ओ देणं आता तोतयेगिरी होती, आणि दार ऐकत होतं.