सांबराचे कातडे

"वाघ हा या अरण्याचा सम्राट आहे आणि राहील," असे वनाधिकारी देशकरांनी मचाणावरून जाहीर केले. त्या वेळी सम्राज्ञी खाली उताण्या पडून बाटलीने दूध पीत होत्या.

वाघ यंत्रातून जन्मू लागल्यापासून त्यांना शिकार शिकवायला आई उरली नव्हती. सांबरेही यंत्रातलीच. ती वाघ पाहून पळत नसत, उलट त्याला चाटायला येत. म्हणून सांबराचे कातडे चढवून पळायचे काम शेवंता मडावीकडे आले होते. आजही या दूध पिणाऱ्या वाघिणीने झडप घातली नाही, तर तिला जन्मभराचा पिंजरा ठरलेला होता.

वाघिणीच्या तोंडची बाटली बाजूला टाकून शेवंता पळाली. वाघीण रमतगमत मागे आली आणि तिचा कान चाटू लागली.

"अवो बाई, मी सांबर हावो, तुही माय नाही," म्हणत शेवंताने तिच्या नाकावर लाथ घातली. मग आणखी एक. तिसरीला रक्त आले आणि वाघिणीचा अभ्यास एकदम पक्का झाला. तिने शेवंताला जमिनीवर आपटले, दंडात सुळे रुतवले आणि हाड मोडेपर्यंत झटके दिले.

देशकरांनी बंदूक उचलली.

"मारू नका जी," खालून आवाज आला. "नापास होईल ते."

शेवंताचा तुटलेला डावा हात तोंडात धरून वाघीण झुडपात गेली. मचाणावर टाळ्या झाल्या. स्ट्रेचरशी वाकून देशकर गहिवरले. "शेवंताबाई, काय हवं ते मागा."

"नव्या कातड्याले डावी बाही तेवढी नका शिवू जी. पळताना पायात येईल."