भरावाखाली

केबिनच्या दाराशी ठमाबाईंनी आजही चपला काढल्या, तसे नवे मॅनेजर वैतागले. "मावशी, मी काय देव आहे? चपला घालूनच झाडत जा."

ठमाबाई हसून अनवाणीच आत शिरल्या.

टेबलावर कारखान्याचा नकाशा पसरला होता. अमावास्येच्या उधाणाला खाडीचं पाणी गोदामात कुठून शिरलं, ते साहेबांना उमगत नव्हतं.

ठमाबाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "हितं आमच्या मिठागरात पानी घ्यायची उघाडी व्हती. तुमी भराव घातला, पन उधानाला कोन सांगनार?"

साहेबांनी सहज विचारलं, "आणि ही केबिन आहे, तिथं?"

"हितं आमचं घर. तुमची खुर्ची हाय ना, तितं देव्हारा."

साहेब उठले. खुर्ची बाजूला सरकवून ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.